मालाला भाव नाही, घरपट्टी मात्र बाजारभावाने!



शेतकऱ्याच्या दोन गोष्टींची किंमत सरकार ठरवते. एक त्याच्या शेतात पिकलेल्या मालाची आणि दुसरी त्याच्या राहत्या घराची. मालाची किंमत ठरवायची वेळ आली की सरकारला शहरातल्या ग्राहकाची दया येते, कारखानदाराची अडचण दिसते, महागाईचा आकडा आठवतो. मग निर्यातबंदी होते, आयात खुली होते, साठ्यांवर बंधने येतात आणि भाव खाली बसतो. घराची किंमत ठरवायची वेळ आली की हेच सरकार एकदम बाजारवादी बनते. जमिनीचा दर काय, बांधकामाचा खर्च काय, तक्ता काय म्हणतो हे सगळे पाहून त्या किमतीवर घरपट्टी लावली जाते. विकायच्या वस्तूला बाजारभाव मिळू द्यायचा नाही आणि जे कधी विकायचेच नाही त्या घराला मात्र बाजारभाव लावायचा, असा हा उफराटा हिशेब आहे.

या अंकात आम्ही घरपट्टीवर लिहितो आहोत, कारण मार्च महिना जवळ आला की घनसावंगी तालुक्यात काय आणि बाकी जिल्ह्यात काय, गावोगाव मागणीच्या नोटिसा निघतात आणि पारावर एकच चर्चा सुरू होते, 'पट्टी एवढी कशी वाढली?' पण ही चर्चा पारावरून ग्रामसभेत जात नाही. पट्टी कशी ठरते हेच बहुतेकांना माहीत नसते. माहीत नसलेल्या माणसाला एक तर मुकाट्याने भरावे लागते, नाही तर चुकवत राहावे लागते. दोन्हीत नुकसान त्याचेच होते.

पट्टी ठरते कशी?

घरपट्टी हा शब्द काही नवा नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत घरपट्टी आहे, म्हैसपट्टी आहे, लग्नावर घेतला जाणारा लग्नटका आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात शेतसाऱ्याच्या जोडीला लोकल फंडाचाही हिशेब मांडला होता. रयतेच्या दारात नवी पट्टी घेऊन जाणे ही राज्यकर्त्यांची जुनी सवय आहे. फरक इतकाच की आज ही पट्टी आपणच निवडून दिलेल्या ग्रामपंचायतीच्या नावाने येते.

ग्रामपंचायतीला हा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने दिला. त्याखाली १९६० साली कर व फी नियम झाले. या कलमातली एक मेख शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावी. जमिनीला शेतसारा लागत असेल तर त्या जमिनीवर पंचायतीचा कर नाही. परंतु इमारतीला ही सूट नाही. इमारत शेतसाऱ्याच्या जमिनीवर असली तरी कर आहेच. म्हणजे गावठाणात जागा पुरत नाही म्हणून जो शेतात वस्ती करून राहिला, त्याच्याही घरावर पट्टी बसू शकते. रस्ता, दिवा आणि नळ तिथवर पोचला आहे की नाही, ही गोष्ट वेगळी.

१९९९ पासून बरीच वर्षे ही पट्टी चौरस फुटावर आकारली गेली. घर किती फूट आणि बांधणी कसली, एवढे पाहिले की रक्कम निघे. ही पद्धत न्यायालयात टिकली नाही. मधल्या काळात अनेक गावांत वसुली ठप्प झाली आणि थकबाकीचे डोंगर उभे राहिले. मग ३१ डिसेंबर २०१५ रोजी नियम बदलले आणि भांडवली मूल्यावर पट्टी आली.

भांडवली मूल्य म्हणजे काय, ते साध्या भाषेत समजून घ्या. घराखालच्या जागेचे क्षेत्र घ्यायचे आणि त्याला सरकारी तक्त्यातल्या जमिनीच्या दराने गुणायचे. बांधकामाचे क्षेत्र घ्यायचे, त्याला बांधकामाच्या दराने गुणायचे आणि घर जितके जुने तितका त्यातून घसारा वजा करायचा. दोन्हींची बेरीज करून ती वापराच्या भारांकाने गुणायची. राहत्या घराचा भारांक कमी, दुकानाचा आणि कारखान्याचा जास्त. जी रक्कम येते ती तुमच्या घराची किंमत. त्या किमतीच्या दर हजार रुपयांमागे ठरलेले पैसे ही तुमची घरपट्टी. दर चार वर्षांनी आकारणी नव्याने होते.

हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण घेऊ. यातले दर आम्ही केवळ सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. समजा जागा ६० चौरस मीटर आणि जमिनीचा दर मीटरला ५०० रुपये. झाले ३०,०००. तेवढेच बांधकाम, दर मीटरला १०,००० रुपये. झाले ६ लाख. घर जुने म्हणून घसारा जाऊन ७० टक्के किंमत धरली तर ४ लाख २० हजार. एकूण साडेचार लाख. हजारी एक रुपया धरला तर घरपट्टी ४५० रुपये. आता हेच घर वीस वर्षांचे असताना कारकुनाने वहीत नवे लिहिले, घसारा धरलाच नाही, तर किंमत होते ६ लाख ३० हजार आणि पट्टी ६३० रुपये. घर तेच आणि माणूसही तोच, पण वहीतल्या एका रकान्याने दरसाल १८० रुपये वाढले. चार वर्षांचे ७२० झाले. अशी चूक एका गावात किती घरांना झाली असेल, हे वही उघडल्याशिवाय कळायचे नाही.

वर चढणारा तक्ता, खाली येणारा भाव

या हिशेबाचे मूळ वार्षिक मूल्यदराच्या तक्त्यात आहे. आपण त्याला रेडी रेकनर म्हणतो. नोंदणी व मुद्रांक विभाग हा तक्ता काढतो. जमिनीच्या खरेदीखतावर मुद्रांक किती घ्यायचा यासाठी तो जन्मला. ग्रामीण भागात हे दर १ एप्रिल २०२२ ला सरासरी ६.९६ टक्क्यांनी चढले. पुढची दोन वर्षे थांबले आणि १ एप्रिल २०२५ ला पुन्हा सरासरी ३.३६ टक्क्यांनी चढले.

आता त्याच वर्षांतले आपल्या मालाचे पाहू. २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. लगेच बाहेरून सोयापेंड आणायला परवानगी मिळाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये वायदेबाजार बंद झाला. त्यानंतर सोयाबीन जे घसरले ते घसरलेच. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये, २०२५-२६ चा ५,३२८ रुपये. पण हंगामात मोंढ्यावर माल घेऊन गेलेल्याला दोन्ही वर्षी त्याच्या खालीच भाव ऐकावा लागला. कापसाचे तसेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपला कापूस शेतात उभा असताना, आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले गेले आणि ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. आपला कापूस घरात येण्याचे जे दिवस, नेमके तेच दिवस परदेशी कापसाला मोकळे रान.

ज्या वर्षांत घराची कागदावरची किंमत चढली त्याच वर्षांत त्या घरात येणारा पैसा उतरला. ही गोष्ट घरपट्टीच्या कुठल्याही रकान्यात येत नाही. कर हा उत्पन्नातून भरायचा असतो. घरातून उत्पन्न निघत नाही. शहरातला फ्लॅटवाला निदान फ्लॅट भाड्याने देऊ शकतो, विकून दुसरीकडे जाऊ शकतो. जांब समर्थच्या गावठाणातले माळवदाचे किंवा पत्र्याचे घर भाड्याने कोण घेणार? ते विकत घ्यायला येणारा कोण? आणि विकले तर शेतकऱ्याने राहायचे कुठे? साडेचार लाखांची किंमत सरकारच्या वहीत आहे, मालकाच्या हातात त्यातला छदामही नाही.

बरे, घर सुधारले तरी शिक्षा आहे. घर पाहावे बांधून म्हणतात ते उगीच नाही. एका चांगल्या साली दोन पैसे राहिले, घरधनिणीने अंगावरचा दागिना मोडून दिला, पडक्या भिंतीच्या जागी विटांची भिंत आली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. पुढच्या आकारणीत बांधकामाचा प्रकार बदलतो, दर बदलतो, घसारा पहिल्यापासून मोजला जातो आणि पट्टी वाढते. घरकुल योजनेत सपाट प्रदेशातल्या गरिबाला सरकार १ लाख २० हजार रुपये देते आणि २६९ चौरस फुटांचे घर बांधायला सांगते. ते उभे राहिले की त्याचीही नोंद नमुना ८ ला होते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने थोडे थोडे परत घ्यायचे, अशी ही रीत.

'एवढीशी तर पट्टी!'

शहरातला शहाणा म्हणेल, वर्षाला पाचशे-हजार रुपयांसाठी एवढा आकांत कशाला? मोबाईलला तेवढे घालवता.

त्याला आमचे सांगणे असे. घरपट्टी एकटी येत नाही. तिच्याबरोबर दिवाबत्ती कर येतो, आरोग्य कर येतो आणि पाणीपट्टी येते. चौघींची बेरीज समजा दीड हजार झाली आणि सोयाबीन चार हजाराने गेले, तर साडेसदतीस किलो सोयाबीन फक्त या पावतीसाठी विकावे लागते. त्या साडेसदतीस किलोमागचे बियाणे, खत, फवारणी आणि मळणीचा खर्च वजा करा, म्हणजे दीड हजार शिल्लक पडायला किती माल विकावा लागतो ते कळेल. ज्या साली शेतात तोटा आहे, त्या साली हा कर नफ्यातून जात नाही. तो पोटातून नाही तर उधारीतून जातो.

दुसरे म्हणजे पट्टी थकली की तिचे परिणाम पाचशे रुपयांचे राहत नाहीत. कलम १२९ प्रमाणे आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्ती. त्याहून मोठी गोष्ट कलम १४ मध्ये आहे. बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरला नाही तर माणूस पंचायतीचा सदस्य राहायला अपात्र ठरतो. म्हणजे ज्याला पट्टी जड जाते, त्यालाच पट्टी ठरवणाऱ्यांच्या बैठकीत बसायला बंदी. दाखला मागायला गेले की 'आधी बाकी भरा' असे ऐकावे लागते, हा गावोगावचा अनुभव आहे तो वेगळाच.

तिसरी गोष्ट वेळेची. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत पट्टी भरली तर पाच टक्के सूट मिळते. वर्ष संपूनही राहिली तर दंड. आता एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने आमच्या घरी कोणते असतात? उन्हाळ्यात नांगरट, जूनमध्ये बियाणे, जुलैत खुरपणी, ऑगस्टमध्ये फवारणी. पैसा फक्त बाहेर जातो. सोयाबीन निघते ऑक्टोबरात, कापूस त्याच्याही पुढे. सूट ३० सप्टेंबरला संपते आणि माल त्यानंतर येतो. ही सूट पगारदाराच्या कॅलेंडरावर बेतलेली आहे, शेतकऱ्याच्या नाही.

मुंबईला एक न्याय, गावाला दुसरा

आता ज्यांना ही तक्रार रडगाणे वाटते त्यांनी जानेवारी २०२२ आठवावा. त्या महिन्यात राज्य सरकारने मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. मुंबईतल्या छोट्या घरात राहणारा माणूसही कष्टकरी आहे, त्याला सूट मिळाली याचे आम्हाला दुःख नाही. पण आमचा प्रश्न साधा आहे. मुंबईतल्या ५०० फुटांच्या घराची किंमत गावातल्या घराच्या कितीतरी पट. तो माणूस गरीब म्हणून त्याला माफी, आणि जांब समर्थच्या ५०० फुटांच्या पत्र्याच्या घरात राहणारा कोरडवाहू शेतकरी कोण? तो श्रीमंत झाला कधी? देशात दोन देश आहेत हे आम्ही जे वर्षानुवर्षे सांगत आलो, त्याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. दोन ठिकाणच्या घरपट्टीच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवाव्यात.

गावातल्या गावातही न्याय सारखा नाही. अधिनियमाच्या कलम १२५ प्रमाणे पंचायत आपल्या हद्दीतल्या कारखान्याशी करार करून सगळ्या करांऐवजी एक ठोक रक्कम घेऊ शकते. कारखानदार टेबलाशी बसून रक्कम ठरवू शकतो. झोपडीवाल्याला टेबलाशी कोणी बोलावत नाही. ज्या गावांच्या हद्दीत कारखाने, गोदामे, मोबाईलचे मनोरे किंवा सौर प्रकल्प आहेत त्या गावांनी विचारावे, यांची आकारणी किती, करार कधीचा, वसुली किती? मोठ्याकडून न आलेला रुपया शेवटी लहानाच्या दारात वसुलीला येतो.

दुष्काळातली पट्टी

आपला जिल्हा दुष्काळाला नवखा नाही. २०१२-१३ साली मोसंबीच्या बागा जळाल्या, लोकांनी वाळलेली झाडे सरपणाला तोडली. २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरच्या संख्येत जालना राज्यात वरच्या रांगेत होता. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उलटे झाले. मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली, जमिनी खरवडल्या, घरांच्या भिंती कोसळल्या.

दुष्काळ जाहीर झाला की सवलतींची यादी निघते. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, मुलांचे परीक्षा शुल्क माफ. ही यादी आता सगळ्यांना पाठ आहे. त्या यादीत घरपट्टी नाही. पैसेवारी पन्नासच्या खाली आली की सरकार मान्य करते की शेतात काही पिकले नाही. मग त्याच शेताच्या जिवावर उभ्या असलेल्या घराची पट्टी पूर्ण कशी? आणि नळाला आठ-दहा दिवसांत एकदा पाणी आले, बाकी दिवस बाईने टँकरमागे घागर घेऊन पळायचे, त्या सालची पाणीपट्टी बारा महिन्यांची कशी? जलजीवन मिशनमधून २०१९ पासून नळयोजना आल्या, त्या चालवायचा खर्च पंचायतीच्या गळ्यात आला. विजेचे बिल पंचायतीला द्यावे लागते हे खरे. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे वसुलीला निघालेल्यांनीही समजून घ्यावे.

मग पट्टी भरायचीच नाही का?

असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्याच्या मागे जाऊ नका.

पंचायतीला वरून येणारा पैसा अटी घेऊन येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला साठ टक्के वाटा २०२१-२२ पासून पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. गावाला गरज ओढ्यावरच्या मोरीची असली तरी त्या पैशाला हात लावता येत नव्हता. घरपट्टीचा पैसा मात्र गावाचा. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे, बाकीचा कसा खर्चायचा हे गाव ठरवू शकते. ज्या पंचायतीकडे स्वतःचा पैसा नाही, तिचा सरपंच एका दारातून दुसऱ्या दारात अर्ज घेऊन फिरत राहतो. गावाला मिंधे ठेवायचे असेल तर पट्टी बुडवणे हा सोपा उपाय आहे. मिंधेपणाचे राजकारण करणाऱ्यांना तेच हवे असते.

म्हणून थकबाकीच्या माफीवरही आमचे मत वेगळे आहे. २०२५ मध्ये मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात चालू वर्षाची पट्टी भरणाऱ्याला राहत्या घराच्या जुन्या थकबाकीत पन्नास टक्के सवलत द्यायची मुभा पंचायतींना दिली गेली. अडलेल्याला त्याने हातभार लागला असेल. पण ज्या विधवा बाईने शेळी विकून दरसाल वेळेवर पट्टी भरली, तिला काय मिळाले? आकारणी चुकलेली असेल तर ती मुळात दुरुस्त करा. चुकीची आकारणी तशीच ठेवून अधूनमधून माफीचा तुकडा टाकला की भरणारा वेडा ठरतो आणि न भरणारा शहाणा.

बार्डोलीचा दाखला या बाबतीत आठवावा. १९२८ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सारा देणे थांबवले, ते सरकारने सुमारे २२ टक्के वाढ केली म्हणून. सरदार पटेलांची मागणी सारा रद्द करा अशी नव्हती. आकारणी कशाच्या आधारे वाढवली त्याची चौकशी करा, एवढीच होती. शेवटी ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या सरकारच्याच दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून हिशेब केला आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच योग्य ठरते असे लिहून दिले. बावीसचे सहा झाले ते घोषणेने नाही, हिशेब तपासल्याने झाले. लोक एकजुटीने उभे होते म्हणून सरकारला हिशेब तपासावा लागला, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे वसुलीचा दाबही बराचसा वरून येतो. चौदाव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानातला दहा टक्के हिस्सा स्वतःचे उत्पन्न वाढवण्याशी जोडला होता. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मालमत्ता पत्रके दिली जातात. जानेवारी २०२५ मध्ये देशभरात एका दिवसात ६५ लाखांवर पत्रके वाटली गेली. घराच्या मालकीचा कागद हाती आला ही चांगली गोष्ट आहे, आम्ही तिचे स्वागत करतो. पण या योजनेच्या फायद्यांच्या सरकारी यादीत मालमत्ता कराची आकारणी हाही एक फायदा लिहिलेला आहे, हे पत्रक घेताना ध्यानात असू द्या. ड्रोनने छप्पर मोजले, त्यात गोठाही मोजला गेला का, हे ड्रोनला कळत नाही. ते तुम्हालाच पाहावे लागेल.

ग्रामसभेत काय करायचे?

पहिले काम, नमुना ८ चा उतारा मागा. ही आकारणीची वही. घराचे क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि वापर हे चार रकाने नीट वाचा. घर तीस वर्षांचे आहे आणि वर्ष चुकीचे पडले आहे का? मातीच्या भिंती आहेत आणि पक्के लिहिले आहे का? गोठा, चाऱ्याची खोली घराच्या मापात धरली आहे का? ओसरीत शिलाई मशीन आहे म्हणून सगळे घर दुकान झाले आहे का? त्याच उताऱ्यावर घरधनिणीचे नाव नसेल तर तेही लावून घ्या. पतिपत्नी दोघांच्या नावे घराची नोंद करण्याचा शासन निर्णय २००३ सालचा आहे.

दुसरे, नवी आकारणी यादी लागली की जाहीर नोटिशीत हरकतीची मुदत असते. मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला वारा वाहून नेतो. हरकत ऐकली नाही तर घनसावंगीला पंचायत समितीकडे अपील आणि तिथे न्याय नाही मिळाला तर जालन्याला जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. हा हक्क कलम १२४ मध्येच आहे.

तिसरे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांना झेंडावंदन करून घरी जाऊ नका. गेल्या वर्षी मागणी किती, वसुली किती, सर्वांत मोठे दहा थकबाकीदार कोण, पैसा कशावर खर्च झाला, हे चार प्रश्न लेखी विचारा. घरातली बाई बरोबर असू द्या. पाणीपट्टीवर तिच्याइतके अधिकाराने बोलणारे गावात दुसरे कोणी नाही.

चौथे, ठराव करा. आमच्या मते जिल्ह्यातल्या प्रत्येक गावातून चार मागण्या शासनाकडे जायला हव्यात. मुंबईतल्यासारखी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला गावातही माफी, आणि पंचायतीचे बुडणारे उत्पन्न राज्याने भरून द्यावे. पैसेवारी पन्नासच्या खाली गेलेल्या गावात त्या सालच्या घरपट्टीला आणि पाणीपट्टीला सूट, तीही राज्याच्या खर्चाने. पाच टक्के सवलतीची मुदत सप्टेंबरऐवजी माल घरात आल्यावर, जानेवारीअखेर. आणि घराची किंमत धरताना खरेदीखताचा तक्ता न वापरता राहत्या घरासाठी वेगळा, कमी दर.

पाचवे, जी पट्टी रास्त आहे ती भरा आणि नमुना १० ची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. निवडणुकीला उभे राहायचे असलेल्या तरुणांनी तर एक दिवसही बाकी ठेवू नये. तुमची उमेदवारी हाणून पाडायला विरोधकांना तेवढे पुरते.

जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ सालच्या रामनवमीला ते इथे जन्मले. परंपरा सांगते की बोहल्यावर 'सावधान' हा शब्द कानी पडला आणि ते उठून चालू लागले. आपल्याला घरादारातून उठून जायचे नाही, घरातच राहायचे आहे. पण तो शब्द कानावर घ्यायला हरकत नाही. मंगलाष्टके सगळेच ऐकतात, शब्दाचा अर्थ एखादाच ऐकतो. मागणीची नोटीसही सगळ्यांकडेच येते. यंदा ती खुंटीला अडकवू नका. तिच्यावरचा आकडा वाचा, वहीशी ताडून पाहा आणि ग्रामसभेत घेऊन या. मालाचा भाव मागताना आपण उत्पादनखर्चाचा हिशेब मांडायला शिकलो. आता पट्टी देतानाही हिशेब मागायला शिकू या.